सर्पगंधेचा हिशोब ठेवणारे डॉक्टर : रुस्तम जाल वकील



परिसर अभ्यासात औषधी वनस्पतींचा विषय आला की आपण सगळे जवळजवळ सारखंच शिकवतो. तुळस खोकल्यावर, अडुळसा कफावर, कोरफड भाजल्यावर, हळद जखमेवर. मुलं तक्ता वहीत उतरवून घेतात, आपण त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मीही इतकी वर्षं असंच शिकवत आले.

मागे आमच्या शाळेची सहल अकोल्याला गेली होती. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं नागार्जुन वनौषधी उद्यान तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथे एकेका झाडाजवळ त्याच्या नावाची पाटी असते. चौथीतली एक मुलगी सर्पगंधेच्या पाटीपाशी थांबली आणि तिने मला विचारलं की मॅडम, हे झाड औषधी आहे हे कोणी तपासून पाहिलं? मी घाईत सांगून टाकलं की पूर्वीच्या लोकांना सगळं माहीत होतं. ती गप्प बसली. पण बसमध्ये अमरावतीकडे परत येताना माझंच मन मला खात होतं, कारण ते उत्तर नव्हतं. ती वेळ मारून नेणं होतं.

काही महिन्यांनी त्याच मुलीच्या घरची गोष्ट कानावर आली. तिचे आबा गुडघेदुखीने बेजार होते आणि त्यांना बीपीची गोळीही चालू होती. आठवडी बाजारातून कोणीतरी जडीबुटीची पुडी आणून दिली. आठ-दहा दिवसांत आबा शांत झाले. कुरकुर नाही, ओरडणं नाही, दिवसभर खाटेवर पडून. घरच्यांना वाटलं, दुखणं गेलं, बरं झालं बाप्पा. मग एके दिवशी सकाळी उठताना आबा चक्कर येऊन पडले. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी पाहिलं तर फारच खाली गेलेलं. पुडी बंद केल्यावर हळूहळू ठीक झाले. त्या पुडीत नेमकं काय होतं, हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही.

त्या लेकराच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी वाचायला बसले आणि एका माणसाच्या आयुष्यापाशी येऊन थांबले. ते आयुष्य आज तुमच्यापुढे ठेवते. वर्गात गोष्ट म्हणून सांगता येईल आणि घरीही उपयोगी पडेल.

मुंबईचा मुलगा

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तिथल्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकले. एम.डी.पर्यंतचं शिक्षण पूर्ण करून १९३८ च्या सुमारास ते मुंबईला परत आले आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करू लागले. हृदयाचे आजार हा त्यांचा विषय.

के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. आजही आपल्या वऱ्हाडातून एखादा रुग्ण मुंबईला न्यायचा झाला तर हे नाव हमखास निघतं. तेव्हाही तिथे गिरणी कामगार, हमाल, खेड्यापाड्यातून आलेली माणसं, असे सर्व थरांतले रुग्ण येत. लंडनमध्ये शिकलेल्या या तरुण डॉक्टरासमोर रोज अशी माणसं बसत, ज्यांचा रक्तदाब वाढलेला असे आणि ज्यांना देण्यासारखं फारसं काही हातात नसे.

त्या काळचा रक्तदाब

आज बीपीची गोळी घराघरात आहे, त्यामुळे एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. १९४० च्या दशकात रक्तदाबावर सोयीची, चांगली अशी गोळीच नव्हती. मिठाशिवायचं अळणी जेवण, सक्तीची विश्रांती, झोपेची औषधं, आणि फारच झालं तर नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. काही डॉक्टरांचं तर असंही मत होतं की वय वाढलं की दाब वाढायचाच, शरीराला तो लागतो, त्याला हात लावू नये.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्याआधी कित्येक महिने त्यांचा वरचा आकडा २०० च्या पुढे जात होता आणि डॉक्टर रोज त्याची नोंद करत होते. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाच्या प्रमुखासाठीही तो आकडा खाली आणणारी खात्रीची गोळी नव्हती. हे लक्षात घेतलं म्हणजे पुढच्या कामाचं मोल कळतं.

झाड जुनंच होतं

सर्पगंधा हे लहानसं झुडूप. फार तर दोन-तीन फूट उंच. एका पेरावर तीन-चार पानं गोलाकार येतात, फुलं पांढरी-गुलाबी, त्यांचे देठ लालसर, फळ पिकलं की काळपट जांभळं. औषध असतं मुळात, आणि ते मूळ चवीला फार कडू असतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिचं नाव आहे. सापाच्या विषावर, वेडाच्या झटक्यावर, झोप येण्यासाठी लोक ते मूळ वापरत. बिहारकडे तर वेडावरचं औषध म्हणूनच ते ओळखलं जाई. तिचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. त्यातलं पहिलं नाव सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या आठवणीसाठी दिलेलं आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण मुलांना थोरांच्या गोष्टी सांगताना आपण एकाच माणसाच्या डोक्यावर सगळा मुकुट ठेवतो. सर्पगंधेकडे विज्ञानाच्या नजरेने पाहणारे वकील हे पहिले नव्हते. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतली तीव्र गुणांची द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. पुढे १९३३ साली कोलकात्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांवर तिचे परिणाम तपासले. मुळाच्या गोळ्याही बाजारात आलेल्या होत्या आणि आपल्याकडचे अनेक डॉक्टर त्या देऊ लागले होते.

मग राहिलं काय होतं? हिशोब राहिला होता. औषध देणारे पुष्कळ होते, गुण येतो असं सांगणारेही पुष्कळ होते. पण किती जणांना दिलं, किती जणांना गुण आला, किती आला, किती दिवसांनी आला आणि किती जणांना आलाच नाही, हे आकड्यांत मांडून जगापुढे ठेवणं बाकी होतं.

पन्नास रुग्णांची नोंद

डॉ. वकील यांनी हे काम हातात घेतलं. अनेक वर्षं ते सर्पगंधेचे परिणाम रुग्णांमध्ये पाहत होते. त्यातून त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा अभ्यास नीट मांडला. औषधापूर्वी रक्तदाब किती होता, औषध सुरू केल्यावर किती झाला, याची नोंद ठेवली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के रुग्णांचा वरचा आकडा आणि सुमारे ८१ टक्के रुग्णांचा खालचा आकडा उतरलेला दिसला. हा अभ्यास १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात छापून आला.

आकडे पुन्हा एकदा पाहा. ८५ टक्के म्हणजे १०० टक्के नव्हे. काही रुग्णांचा आकडा उतरला नाही, आणि तेही लेखात आलं. आपण तक्त्यात अडुळसा म्हणजे कफावर असं एका ओळीत लिहितो, तेव्हा ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी त्या ओळीत जागाच नसते. वकिलांच्या कामात ती जागा होती. माझ्या मते त्यांच्या मोठेपणाची सुरुवात इथे होते.

मुंबईहून बोस्टनला

हा लेख अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी आपल्या रुग्णांवर तेच तपासलं. निष्कर्ष जुळले, आणि १९५२ साली त्यांनीही ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळातून नेमका परिणाम करणारा घटक वेगळा काढला. त्याचं नाव रेसर्पिन. आता मूळ कुटून द्यायची गरज उरली नाही. मिलिग्रॅममध्ये मोजलेली, प्रत्येक वेळी सारखी असणारी गोळी देता येऊ लागली.

पालकहो, हा फरक किरकोळ नाही. एका झाडाच्या मुळात औषध जास्त, दुसऱ्याच्या मुळात कमी. जमीन वेगळी, वय वेगळं, खणण्याचा हंगाम वेगळा. बाजारातल्या पुडीत किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. आपल्या आबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

अमेरिकेत १९५० च्या दशकातच एडवर्ड फ्रीस या डॉक्टरांनी मोठ्या मात्रेत सर्पगंधेचं औषध घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता येते हे दाखवून दिलं. माणूस शांत होतो खरा, पण ती शांतता नेहमी चांगली नसते. याच फ्रीस यांनी पुढे १९६७ साली रक्तदाब खूप वाढलेल्या १४३ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला खरी औषधं दिली होती, आणि त्या औषधांत एक रेसर्पिन होतं. दुसऱ्या गटाला औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या दिल्या होत्या. खऱ्या औषधाच्या गटात मृत्यू आणि गंभीर त्रास इतके कमी झाले की रक्तदाब खाली आणल्याने जीव वाचतो, याबद्दल शंका उरली नाही. परळला सुरू झालेली मोजणी इथपर्यंत पोचली.

१९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला हा फार मोठा सन्मान. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं लिहिली आणि उपचारांच्या इतिहासावरही निबंध लिहिले.

शांत पडलेला उंदीर

आता गोष्ट थोडी प्रयोगशाळेकडे नेते, कारण त्या मुलीचा प्रश्न तपासून पाहण्याचा होता.

एखादी वनस्पती दुखणं कमी करते का, हे आज कसं पाहतात? बऱ्याचदा आधी पांढऱ्या उंदरांवर. एक पद्धत अशी : गरम केलेल्या पट्टीवर उंदराला ठेवायचं आणि तो किती सेकंदांनी पंजा चाटतो किंवा उडी मारतो ते घड्याळात पाहायचं. दुसऱ्या पद्धतीत शेपटीवर उष्णतेचा झोत सोडतात आणि उंदीर शेपटी किती वेळात बाजूला घेतो ते मोजतात. ही शेपटीची पद्धत १९४१ पासून वापरात आहे. औषधानंतर हा वेळ वाढला, तर वेदना कमी जाणवते असं म्हणता येतं. जनावराला इजा होऊ नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर त्याला उचलून घेतात. शिवाय एक गट वनस्पतीचा अर्क दिलेला, एक गट नुसतं पाणी दिलेला आणि एक गट आधीच सिद्ध झालेलं औषध दिलेला, असे गट करावे लागतात. आपल्या देशात असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समितीची परवानगी लागते, आणि किती उंदीर व का, हे आधी सांगावं लागतं.

पण इथे एक फसगत होऊ शकते. सर्पगंधा दिलेला उंदीर शांत पडून राहतो. वरवर पाहिलं तर वाटावं, याला काही दुखतच नाही. प्रत्यक्षात तपासल्यावर उलटंच दिसलं. रेसर्पिन दिलेल्या जनावरांमध्ये मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाचा परिणाम कमी झालेला आढळला. पुढे २००९ साली तर असं दिसलं की तीन दिवस रेसर्पिन टोचलेले उंदीर साध्या स्पर्शालाही जास्त दचकतात, म्हणजे त्यांना वेदना जास्त जाणवते. अंगभर दुखणाऱ्या आजाराचा अभ्यास करायला आज असे उंदीर वापरतात. थोडक्यात, हालचाल थांबणं वेगळं आणि दुखणं थांबणं वेगळं. आबा खाटेवर शांत पडले होते तेव्हा त्यांच्या घरच्यांना हाच फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही कळला नसता.

दुसरा परिणाम आणखी आश्चर्याचा. उंदराच्या मादीचं पाळीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. १९५९ साली बॅराक्लॉ आणि सॉयर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की रेसर्पिन दिल्यावर हे चक्र थांबतं आणि मादी गाभण नसतानाही तिचं शरीर गाभण असल्यासारखं वागू लागतं. कारण पुढे उलगडत गेलं. मेंदूतलं डोपामिन हे द्रव्य प्रोलॅक्टिन या दुधाच्या हार्मोनला लगाम घालून ठेवतं. रेसर्पिनमुळे डोपामिनचा साठा रिकामा होतो, लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. रक्तदाबासाठी घेतलेलं मूळ मेंदूमार्गे हार्मोनपर्यंत जाऊन पोचतं, हे नुसत्या अनुभवाने कोणाला कळलं असतं?

याच डोपामिनचं दुसरं टोक स्वीडनमध्ये सापडलं. रेसर्पिनने निपचित पडलेले ससे आर्विड कार्लसन यांनी एल-डोपा हे द्रव्य देऊन पुन्हा चालते केले. त्यातूनच पुढे कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या आजारावर उपचाराची वाट मिळाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या एका कडू मुळाने किती दारं उघडली बघा.

१९७४

सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेट या प्रसिद्ध नियतकालिकात एकाच वेळी तीन लेख आले. रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं, असं त्यांत म्हटलं होतं. प्रोलॅक्टिन वाढतं हे माहीत असल्यामुळे डॉक्टरांना ही शंका गंभीर वाटली. कितीतरी स्त्रिया वर्षानुवर्षं ही गोळी घेत होत्या. जगभर खळबळ उडाली.

डॉ. रुस्तम वकील यांचं निधन २० नोव्हेंबर १९७४ रोजी झालं, म्हणजे त्या लेखांनंतर दोनच महिन्यांनी. वय ६३. ज्या औषधाचा हिशोब त्यांनी मांडला होता, त्यावर जगात मोठी शंका उभी असताना ते गेले. पुढच्या वर्षांत आणखी मोठे अभ्यास झाले आणि तो संबंध तितकासा खरा नाही असं बहुतेकांत दिसून आलं. पण तोवर बाजारात नवी, कमी त्रासाची औषधं आली होती. रेसर्पिन मागे पडलं. आज डॉक्टर ते क्वचितच देतात.

मग वकील यांचं काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. शंका आली ती मोजल्यामुळे, आणि शंका फिटली तीही मोजल्यामुळेच. कोणत्याही औषधाची परीक्षा एकदा पास होऊन संपत नाही. आपल्या विद्यार्थ्याची प्रगती आपण एका चाचणीवर ठरवत नाही, तसंच हे. ५० रुग्णांची वही उघडली तेव्हाच पुढच्या तपासणीचं दार उघडलं होतं. ज्याची मोजणीच होत नाही, ते औषध चुकलं तरी चुकल्याचं कळत नाही. आबांची पुडी तशी होती.

झाडाचं पुढे काय झालं तेही मुलांना सांगा. मागणी वाढली तशी जंगलातून सर्पगंधा मुळासकट उपटली गेली. मूळच काढायचं, म्हणजे झाड राहणार कुठून? १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणून अकोल्याच्या उद्यानासारख्या ठिकाणी ती जपलेली पाहायला मिळते, त्या पाटीलाही अर्थ आहे.

वर्गात आणि घरी काय करू या

माझं म्हणणं आजीच्या बटव्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. आपल्या मेळघाटातल्या कोरकू बांधवांना आणि त्यांच्या भुमकांना जंगलातल्या झाडांची जी ओळख आहे, ती आपल्याला नाही. सर्पगंधेचा पहिला धागाही अशाच जाणत्या लोकांकडून आला. पण धागा मिळाला म्हणजे कापड विणून झालं असं होत नाही. विणायचं काम वकिलांसारख्यांनी केलं.

मी आता तक्त्यात एक रकाना वाढवला आहे. वनस्पतीचं नाव, उपयोग आणि त्यापुढे हे आपल्याला कसं कळलं. मुलं घरी विचारून येतात. कुणी लिहितं आजीने सांगितलं, कुणी लिहितं पुस्तकात आहे, कुणी रकाना रिकामा ठेवतं. रिकाम्या रकान्याचे मी गुण कापत नाही. उलट त्यावरच वर्गात जास्त बोलणं होतं.

दुसरं, एक सोपा प्रयोग. पाच मिनिटं धावून आल्यावर मुलांना नाडीचे ठोके मोजायला सांगा. अर्ध्या वर्गाला शांत बसवा, अर्ध्या वर्गाला सावकाश चालायला लावा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. फळ्यावर आकडे लिहा आणि सगळ्यांचे ठोके सारखेच उतरले का ते विचारा. दोन गट का केले, हे मुलं स्वतः सांगतात. औषध, उंदीर यांतलं काहीही वर्गात आणायची गरज नाही आणि आणूही नये.

पालकांना एवढीच विनंती. घरात कोणी बीपीची, शुगरची गोळी घेत असेल आणि सोबत पुडी, काढा, चूर्ण काहीही चालू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून लपवलं जातं, हे मला माहीत आहे. पुडी सोबत न्या, दाखवा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कोणी अचानक फार शांत झालं, तर बरं वाटतंय असं धरून चालू नका. आशाताईंना सांगून बीपी मोजून घ्या.

त्या मुलीला मी वर्गात पुन्हा बोलावून डॉ. वकील यांची ही गोष्ट सांगितली. माझं सहलीतलं उत्तर चुकीचं होतं हेही सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले. उरलेल्या माणसांचं काय झालं, ज्यांचं बीपी कमी झालं नाही? आणि उंदरांना दुखलं असेल ना? पहिल्यासाठी आम्ही ८५ टक्क्यांचं गणित फळ्यावर मांडलं. दुसऱ्याचं उत्तर हो असंच दिलं आणि म्हणून परवानगी लागते, म्हणून उंदीर लागतील तेवढेच घेतात, हे सांगितलं. ती बराच वेळ विचार करत बसली होती.

तुमच्या वर्गात असा रकाना करून पाहा आणि मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा.